प्लेअर्स हँडबुक (२०१४), खास अलाइनमेंटसाठी
डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घेऊन एकत्र गोष्ट रचत खेळायचा गेम, त्याच्या पाचव्या एडिशनचं हे नियमांचं पुस्तक आम्ही फोंड्यात रविवारी जमलो की वापरतो, बाहेर पाऊस आणि लाईट गेलेली असली तरी खेळ चालूच, आणि मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं ते अलाइनमेंट, म्हणजे आपलं पात्र कुठल्या वृत्तीचं ते. लॉफुल (नियम पाळणारा) ते केऑटिक (मनाला येईल तसं वागणारा), गुड ते ईव्हिल, मधे न्यूट्रल, असे नऊ प्रकार. १९७४ च्या मूळ गेममधे तीनच होते. तिसऱ्या एडिशनमधे पॅलाडिन (धर्मयोद्धा) लॉफुल गुडच लागायचा, मुद्दाम वाईट वागला की पॉवर गेल्या, इथे तसं नाही, त्याची शपथ महत्त्वाची, आणि हे फार बरं केलंय. आमच्यातल्या एकाचा चोर केऑटिक गुड, सावकाराची तिजोरी फोडून गावात पैसे वाटतो, पण पकडलेल्या पहारेकऱ्याला मारायचं का विचारल्यावर तो जो थांबला ना, तिथे कॅरेक्टर खरा कळला! फक्त प्रत्येक प्रकाराला एकदोन वाक्यंच दिलीत, त्यामुळे नवीन माणूस केऑटिक न्यूट्रल म्हणजे वाट्टेल ते करायचं लायसन्स समजतो, उदाहरणं अजून हवी होती. तरी घ्याच. डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) असाल तर पहिल्याच सेशनला यावर सगळ्यांशी बोलून घ्या.