सॅकमध्ये फ्रेम आहे म्हणाला, आत निघाला प्लास्टिकचा पत्रा

६० लिटरची, आत अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असलेली आणि पाठीच्या लांबीनुसार कमी-जास्त करता येणारी सॅक म्हणून मला जी विकली गेली, तिच्यात या तिन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती. ट्रेकला नव्याने निघालेल्या कुणाचे पैसे आणि खांदे असे वाया जाऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

सॅक रद्दी कागद कोंबून टम्म फुगवून टांगली होती. विक्रेत्याने माझी फक्त उंची विचारली, सॅक तशीच पाठीवर चढवली, पट्टे स्वतःच ओढले आणि आरशासमोर उभं केलं. कागद भरलेली सॅक कुणालाही छानच बसते. वजन घालून बघू द्या म्हटलं, तर "शिवण ताणते, मग तो माल कोण घेणार?" साफ खोटं. दहा किलोंनी ताणणारी शिवण डोंगरात चालणारच नाही.

पहिल्याच चढाला खांदे भरून आले. कमरेचा पट्टा कितीही आवळला तरी सॅक मागे पोत्यासारखी लोंबकळत होती. मुक्कामी रिकामी करून अस्तरात हात घातला, तर दांड्यांच्या जागी दोन बोटांनी वाकणारा प्लास्टिकचा पत्रा. खांद्यावरून सॅकच्या माथ्याकडे जाणारे छोटे पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर, नुसत्या कापडावर शिवलेले. ते ओढले की कापड चुरगळायचं, ओझं जागचं हलायचं नाही. पाठ खालीवर करायचा वेल्क्रो तर वरून शिवूनच टाकलेला!

मोठ्या सॅकचं बहुतेक वजन कमरेवर यायला हवं, आणि ते तिथवर पोचवते फ्रेम. ती नसली की जाडजूड पट्टासुद्धा निव्वळ दिखाऊ. घरी थर्माकोलचे दाणे मापाने ओतून पाहिले, तर ४५ लिटरलाच तोंडापर्यंत भरली.

उंचीवरून माप ठरत नाही. सारख्या उंचीच्या दोघांच्या पाठी वेगळ्या असतात. मान पुढे झुकवली की तळाशी एक हाड वर येतं, तो मानेचा सातवा मणका. तिथून कमरेच्या दोन्ही हाडांचे माथे जोडणाऱ्या रेषेपर्यंत कुणाकडून तरी टेप लावून घ्या. मग सॅकमध्ये आठ-दहा किलो भरा, सगळे पट्टे सैल करा, आधी कमरेचा पट्टा हाडाच्या माथ्यावर बसवून आवळा, त्यानंतर खांद्याचे, शेवटी लोड लिफ्टर. ते साधारण ४५ अंशांत तिरके वर जायला हवेत. थोडं चाला, जिने चढा, आणि मग खांद्याचे पट्टे जरा ढिले करा. सगळं ओझं लगेच खांद्यांवर आलं तर ती सॅक घेऊ नका.

मी परत करायला गेले तेव्हा "वापरलेला माल घेत नाही" हे उत्तर तयार होतं. फ्रेमचं विचारलं, तर "असं मी बोललोच नाही." बिलावर फक्त "सॅक, १ नग". त्यामुळे लिटर, फ्रेम कशाची, पाठीचं माप, बदलून देण्याची मुदत, सगळं बिलावर लिहून घ्या. लिहायला का-कू केली तर पैसे काढूच नका.