ऑनलाइन इंडेक्सचे संदर्भ दोन थरांत लिहून पाहिले : काही महिन्यांच्या वापरानंतर

'स्रोत : फॅमिलीसर्च.' वंशावळीच्या फायलींमध्ये असे संदर्भ ढिगानं सापडतात. त्यांतून कळतं ते एवढंच, की कुणीतरी कधीतरी जुन्या नोंदींच्या या मोफत साइटवर काहीतरी पाहिलं होतं. मूळ रजिस्टरचा स्कॅन पाहिला की कुणी टाइप केलेली ओळ, जन्माची नोंद होती की बाप्तिस्म्याची, याचा पत्ता लागत नाही. गेले काही महिने मी प्रत्येक ऑनलाइन संदर्भ दोन थरांत लिहितेय. पहिल्या थरात मी माझ्या डोळ्यांनी काय पाहिलं ते. दुसऱ्यात, ते कशावरून तयार झालं असं साइट सांगते ते. कल्पना माझी नाही, वंशावळीचं काम गंभीरपणे करणाऱ्यांत ती रूढ आहे. पण रोज वापरायला लागल्यावर काय होतं, ते सांगण्यासारखं आहे. निकाल आधीच देते: काम हळू होतं, सुरुवातीला चिडचिड होते, आणि तरी जुन्या पद्धतीकडे मी परत जाणार नाही.

वापरात होतं ते असं: नोंदी ठेवायला ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर, शोधायला फॅमिलीसर्च, फ्रीबीएमडी (इंग्लंड-वेल्सच्या जन्म-विवाह-मृत्यू इंडेक्सचा स्वयंसेवी डेटाबेस), तिथल्या जनरल रजिस्टर ऑफिसचा, म्हणजे या नोंदी सांभाळणाऱ्या सरकारी कार्यालयाचा (जीआरओ), स्वतःचा इंडेक्स आणि एक सशुल्क साइट. मी ज्या घराण्यावर काम करतेय त्यातली बहुतेक माणसं एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमधली, काही पुढे अमेरिकेत गेलेली. म्हणून उदाहरणं तिकडची.

या पद्धतीची खरी किंमत कळली ती इंग्लंडच्या जन्मनोंदींवर. तिथली नागरी नोंदणी १ जुलै १८३७ ला सुरू झाली. मूळ नोंद स्थानिक रजिस्ट्रारकडे, तिची नक्कल दर तिमाहीला जनरल रजिस्टर ऑफिसकडे, त्या नकलांवरून इंडेक्स, आणि त्या इंडेक्सच्या पानांवरून फ्रीबीएमडीच्या स्वयंसेवकांनी १९९८ पासून टाइप करत आणलेला डेटाबेस. म्हणजे स्क्रीनवरची ओळ मूळ नोंदीपासून किमान तीन हातांच्या अंतरावर. प्रत्येक हात चुकू शकतो, आणि कुठल्या हातानं चूक केली हे शोधायचं तर संदर्भात ते हात दिसायला हवेत. माझा संदर्भ आता साधारण असा असतो: 'इंग्लंड-वेल्स जन्म इंडेक्स, मार्च तिमाही १८७२, अमुक जिल्हा, खंड, पान, फ्रीबीएमडीवरची टाइप केलेली ओळ, अमुक तारखेला पाहिली, इंडेक्सच्या पानाचा स्कॅनही पाहिला, दाखला पाहिलेला नाही.'

हे शेवटचे शब्द, 'दाखला पाहिलेला नाही', या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात उपयोगी गोष्ट आहेत. ते लिहिले की 'जन्म : मार्च १८७२' असं पुढे लिहायला हात धजावत नाही. कारण मार्च तिमाही म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि इंडेक्समधली तिमाही ही नोंदणीची तिमाही असते, जन्माची नव्हे. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती, त्यामुळे डिसेंबरात जन्मलेलं मूल सहज पुढच्या वर्षाच्या मार्च तिमाहीत सापडतं. खंड आणि पान हे आकडे फार भारदस्त दिसतात, पण ते दाखला मागवण्यासाठी आहेत. त्यांनी वडिलांचं नाव सिद्ध होत नाही, कारण ते इंडेक्समध्ये नसतंच.

दुसरी गंमत. जनरल रजिस्टर ऑफिसनं २०१६ मध्ये जन्म आणि मृत्यूंचा नवा इंडेक्स ऑनलाइन आणला. तो जुन्याची प्रत नाही, नोंदींवरून नव्यानं केलेला आहे. जुन्या इंडेक्सात आईचं माहेरचं आडनाव सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासून येतं. नव्यात ते अगदी १८३७ पासून. तेव्हा एखाद्याच्या फायलीत १८७२ च्या जन्मापुढे आईचं माहेरचं आडनाव असेल आणि संदर्भ म्हणून फक्त फ्रीबीएमडी लिहिलेलं असेल, तर ते आडनाव दुसरीकडून आलंय हे न विचारता कळतं. नुसतं 'जीआरओ इंडेक्स' लिहिलं तर मात्र काहीच कळत नाही, कारण आता त्या नावाचे दोन इंडेक्स आहेत. दोन्हींत एकच नाव सापडलं म्हणून दोन साक्षीदार मिळाले असंही नव्हे. दोघांनी एकाच नोंदीचं वाचन केलंय. वाचन बरोबर आहे याची खात्री वाढते. नोंद देणाऱ्यानं खरं सांगितलं होतं का, हा प्रश्न जागच्या जागी राहतो.

फॅमिलीसर्चवर सवय लागायला सोपं गेलं, कारण तिथे प्रत्येक पानाला टिकाऊ पत्ता असतो. त्याला आर्क म्हणतात. पत्त्यात १:१ असेल तर ती इंडेक्समधली नोंद, ३:१ असेल तर ती इमेज. ही एवढी खूण ओळखता आली की स्वतःचेच जुने संदर्भ चाळताना मजा येते. जिथे 'रजिस्टर पाहिलं' असं ऐटीत लिहिलंय तिथला पत्ता १:१ चा निघाला, की तो संदर्भ दुरुस्तीच्या रांगेत. इमेज असेल तर ती ज्या मायक्रोफिल्मवरून आली तिचा डिजिटल क्रमांक आणि इमेजचा क्रमांकही मी लिहिते. ही साइट चालवणाऱ्या संस्थेचं मायक्रोफिल्मचं काम १९३८ पासूनचं आहे. पत्ता उद्या बदलला तरी फिल्मच्या क्रमांकावरून माणूस पुन्हा त्याच पानावर पोचू शकतो.

साइटवर मिळणारा तयार संदर्भ? मी तो उचलते, पण पहिला मसुदा म्हणून. त्यात संग्रहाचं नाव, पत्ता आणि पाहिल्याची तारीख नीट असते. मी नेमकं काय पाहिलं, हे मात्र त्याला माहीत असण्याचं कारणच नाही. शिवाय संग्रहांची नावं फसवी असतात. 'इंग्लंड, जन्म आणि बाप्तिस्मे, १५३८–१९७५' हे नाव वाचून वाटतं की सव्वाचारशेहून अधिक वर्षांची सगळी पोरं इथे आहेत. १५३८ हे राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं पॅरिश रजिस्टरं, म्हणजे प्रत्येक चर्चच्या हद्दीतली (पॅरिशमधली) नोंदपुस्तकं, ठेवायचा हुकूम काढला ते साल. संग्रहातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात नवी नोंद, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ घ्यायचा. मधली कित्येक पॅरिशेस त्यात नसतात. म्हणून 'इथे सापडला नाही' असं लिहिताना कुठल्या पॅरिशची कुठली वर्षं संग्रहात आहेत हेही शोधून लिहावं लागतं, आणि या पद्धतीतलं सगळ्यात कंटाळवाणं काम तेच. मी ते प्रत्येक वेळी करत नाही. फक्त न सापडण्यावर पुढचा तर्क उभा असेल तेव्हाच करते.

फॅमिलीसर्चवरच्याच जुन्या इंटरनॅशनल जीनिऑलॉजिकल इंडेक्सबद्दल, म्हणजे आयजीआयबद्दल, वेगळं सांगायला हवं, कारण त्यावरून केलेल्या वंशावळी अजून सगळीकडे फिरताहेत. त्यात दोन जातीच्या नोंदी होत्या: रजिस्टरांमधून पद्धतशीर उतरवून घेतलेल्या, आणि लोकांनी आपापल्या माहितीतून पाठवलेल्या. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्याला बॅच क्रमांक असे; सी किंवा एम अक्षरानं सुरू होणारे क्रमांक साधारणपणे पहिल्या जातीचे. कुणाच्या संदर्भात 'आयजीआय' एवढंच असेल तर मी त्याला सरळ अफवेच्या खात्यात टाकते. बॅच क्रमांक असेल तर पुढे बोलू.

पाहिल्याची तारीख लिहिणं हा मला पूर्वी निव्वळ उपचार वाटायचा. अमेरिकेच्या १९५० च्या जनगणनेनं ते मत बदललं. ती ७२ वर्षांच्या गोपनीयतेनंतर १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, आणि नावांचा पहिला इंडेक्स संगणकानं हस्ताक्षर वाचून केला होता. मग माणसं तो दुरुस्त करत गेली. एप्रिल २०२२ मध्ये न सापडलेलं नाव नंतर सापडू शकतं, स्पेलिंग बदललेलं असू शकतं. तारीख नसेल तर आपण इंडेक्सची कुठली आवृत्ती पाहिली हे सांगताच येत नाही.

सशुल्क साइटचा अनुभव कडू-गोड. इमेज उत्तम, शोध वेगवान. पण माझ्या वापराच्या काळातच एका संग्रहाचं नाव बदललं आणि शोधाच्या निकालावरून उचललेले लांबलचक दुवे निकामी झाले. वर्गणी संपली की पान उघडत नाही ते वेगळंच. वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणारं वेबॅक मशीन इथे कामाचं नाही, लॉगिनच्या आडची पानं त्यात साठत नाहीत. उघड्या पानांसाठी मात्र मी ते नेमानं वापरते. त्या साइटवरच्या नोंदीसाठी आता दुव्यापेक्षा मूळ अभिलेखागाराचं नाव आणि तिथला क्रमांक आधी लिहिते, आणि नियमांत बसत असेल तर इमेज उतरवून ठेवते.

ग्रॅम्प्सबद्दल थोडक्यात. त्यात भांडार, स्रोत आणि संदर्भ असे तीन वेगळे कप्पे आहेत, आणि दोन थरांच्या पद्धतीला ते चांगले मानवतात. साइट भांडारात, संग्रह स्रोतात, नेमकी ओळ किंवा इमेज संदर्भात. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा स्रोत करणारे लोक आहेत. मला तो पसारा झेपला नाही. विश्वासार्हतेच्या पाच पायऱ्या मिळतात, पण गेडकॉममध्ये, म्हणजे वंशावळी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइल-प्रकारात, त्या ० ते ३ अशा चारच, त्यामुळे फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेताना त्या पायऱ्यांवर विसंबू नये. 'फक्त इंडेक्स पाहिला' हे मी शब्दांतच लिहिते, पान-खंडाच्या रकान्यात. तो मजकूर मला सगळीकडे शाबूत पोचलेला दिसला.

स्वल्पविराम कुठे आणि अवतरणचिन्हं कुठे, यावर तासन्तास वाद घालणारी मंडळी आहेत. मी त्या वाटेला गेले नाही. संदर्भ पूर्ण आणि अचूक असावा ही अट मला पटते. त्याचा पोशाख कसा हवा याची फिकीर छापायची वेळ येईल तेव्हा करू. इतरांच्या ऑनलाइन वंशावळी मी संदर्भात घेते, पण 'अमुकाच्या वंशावळीत असं म्हटलंय, आधार दिलेला नाही' अशा शब्दांत.

वेळेचं म्हणाल तर एका नोंदीला पूर्वीपेक्षा दुप्पट तरी लागतो. तो वसूल होतो तो दोन सारख्या नावांची माणसं वेगळी करताना. एकाच जिल्ह्यातले, एकाच नावाचे दोन मुलगे, एक इंडेक्सवरून घेतलेला आणि दुसरा रजिस्टरच्या इमेजवरून, असे समोर आले की कुणाचा दाखला आधी मागवायचा हे संदर्भ वाचूनच ठरतं. नुसता हौस म्हणून आजी-आजोबांपर्यंतचा वृक्ष करणाऱ्याला एवढं करायची गरज नाही. पाच-सहा पिढ्या मागे जाणाऱ्यानं करावं, आणि पहिल्या नोंदीपासून. मागे वळून दुरुस्त करणं फार जड जातं: माझ्या फायलीतले जुने संदर्भ अजून तसेच पडलेत, आणि ज्या नोंदीवर पुढची पिढी टेकलेली आहे तेवढ्याच मी सध्या उघडते.