सशाची ओळख: कानातले गोंदण, पायातले कडे की कातडीखालची चिप?

न्यूझीलंड व्हाइट जातीच्या वीस माद्या एका छपराखाली असतील, तर पांढरे अंग आणि गुलाबी डोळे यांपलीकडे त्यांच्यात फरक दिसत नाही. पिंजऱ्यावरची पाटी पिंजऱ्याची ओळख सांगते, सशाची नव्हे. साफसफाईच्या वेळी दोन माद्यांची अदलाबदल झाली की कोणती मादी कोणत्या नराची लेक, हा हिशेब बिघडतो आणि नकळत बाप-लेकीचा संकर होऊन बसतो. म्हणून खूण सशाच्या अंगावरच हवी. ती निवडताना किती स्वस्त पडते यापेक्षा ती केव्हा आणि कशी दगा देते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

गाई-म्हशींच्या कानातला बारा अंकी पिवळा बिल्ला पाहून सशालाही लहानसा बिल्ला मारावा, असे सहज सुचते. मात्र सशाचा कान पातळ असतो. बिल्ला जाळीत अडकला किंवा सोबतच्या सशाने कुरतडला, तर खुणेबरोबर कानाचा तुकडाही जातो. बिल्ल्याचा विचार सोडून द्यावा, हे बरे. मार्करने कानात लिहिलेला आकडा काही दिवसांत पुसट होतो. पिल्ले लहान असताना तात्पुरती सोय म्हणून तो चालतो, एवढेच.

गोंदण जे काही बिघडायचे ते बहुधा पहिल्याच दिवशी बिघडते. चिमट्यात सुयांचे अंक बसवून ते आधी पुठ्ठ्यावर दाबून पाहावेत, कारण उलटा बसलेला अंक कानावर उमटल्यानंतर दुरुस्त होत नाही. ससा टॉवेलमध्ये गुंडाळून कानाची आतली बाजू स्पिरिटने पुसावी, कान उजेडासमोर धरून मधली धमनी आणि कडेच्या शिरा नीट पाहून घ्याव्यात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत चिमटा एकदाच, ठामपणे दाबावा. लगेच शाई अंगठ्याने किंवा मऊ ब्रशने छिद्रांत चोळावी लागते. इथे हात आखडला तर महिन्याभरात 3 आणि 8 ओळखू येत नाहीत. वरची शाई खपली धरून निघून जाते आणि आतला आकडा जन्मभर राहतो. गडद कानांसाठी हिरवी शाई मिळते, तरीही अशा कानातला आकडा वाचताना मागून बॅटरीचा उजेड धरावा लागतो. सशाला दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने बधिरता आणणारे मलम आधी लावता येते. प्रत्येक सशानंतर सुया निर्जंतुक कराव्यात. ससा अंगातली उष्णता कानांवाटे बाहेर टाकतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्या शिरा फुगलेल्या असतात. हे काम सकाळच्या गारव्यात उरकलेले बरे. सुयांऐवजी बॅटरीवर चालणारी पेनही वापरतात. त्यात हात स्थिर लागतो आणि वेळ अधिक जातो, पण लहान कानावर सुबक आकडा त्यानेच येतो.

अमेरिकेत अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनच्या प्रदर्शनात सशाच्या डाव्या कानात कायमचा क्रमांक लागतो. उजवा कान संघटनेच्या नोंदणीसाठी राखीव असतो. जर्मनीत उजव्या कानात संघाची खूण, तर डाव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा अंक आणि अनुक्रमांक गोंदतात. म्हणजे 4, 5 आणि 12 हे अंक एप्रिल 2025 मध्ये जन्मलेले बारावे पिल्लू सांगतात. वर्षाचा अंक दहा वर्षांनी पुन्हा येतो, पण पैदाशीचा ससा तोवर फार्मवर राहत नाही. ही जर्मन रीत मला आपल्याकडच्या फार्मलाही सोयीची वाटते, कारण वही जवळ नसली तरी निदान वय तरी कानातच वाचता येते.

ब्रिटनमध्ये ब्रिटिश रॅबिट कौन्सिलची कडी वापरतात. सुमारे दोन महिन्यांच्या पिल्लाच्या मागच्या पायात वर्ष, माप आणि क्रमांक कोरलेले कडे सरकवतात. पुढे पाय भरला की ते आपोआप निघत नाही. वेदना जवळजवळ नाही, हा त्याचा मोठा गुण. पण माप जातीनुसार ठरते आणि चुकीचे कडे वाढत्या पायात रुतते. त्याकडे वरचेवर पाहिले नाही, तर केसांखाली जखम झाल्याचे उशिरा कळते. संकरित सशांच्या फार्मवर हे माप ठरवणेच अवघड.

चिप तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी असते. खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडलेल्या या चिपमधला पंधरा अंकी क्रमांक बॅटरीशिवाय टिकतो. घरात पाळलेला एखादा ससा हरवला तर त्याच्यासाठी हीच खूण उत्तम. मात्र जवळच्या पशुवैद्यकाकडे वाचक यंत्र आहे का, हे आधी विचारून घ्यावे. फार्मवर मात्र रोज शेकडो वेळा यंत्र काढून क्रमांक वाचण्याचा उत्साह फार दिवस टिकत नाही.

त्यामुळे घरी एक-दोन ससे असतील तर चिप, आणि पैदाशीचे ससे दहा-बाराच्या वर गेले तर डाव्या कानातले गोंदण, असा माझा कौल आहे. मांसासाठी वाढवून दोन-तीन महिन्यांत विकायच्या पिल्लांना मात्र यातले काहीही करू नये. त्यांना मार्कर पुरतो. ठेवायच्या पिल्लांचे गोंदण ती आईपासून तोडण्याच्या दिवशी, आईच्याच पिंजऱ्यापुढे उभे राहून करावे, कारण दोन माद्यांची पिल्ले एकदा एकाच पिंजऱ्यात मिसळली की वहीतला आईचा रकाना अंदाजाने भरावा लागतो.