गरुडाची विष्ठा की कामधेनूचं शेण? कल्पित राज्यातल्या शेतीसाठी खत निवडताना

कल्पित राज्य रचताना राजवाडे, वंशावळी, मंत्र सगळं आधी ठरतं. लोक खातात काय आणि ते पिकतं कशावर, हे मागे राहतं. माझी भाची वाशीला राहते, मी ठाण्यात. तिच्या कादंबरीतलं राज्य खाडीकाठी आहे, भातशेतीचं आहे, आणि तिथली जमीन एका दिव्य प्राण्याच्या खतावर पिकते. कुठल्या प्राण्याच्या, इथे ती अडली होती. गरुड, नाग, कामधेनू, मकर, अग्निपक्षी आणि मेलेल्या राक्षसाची हाडं अशी तिची यादी. ही तुलना तिच्यासाठी केली. अशाच पेचात असलेल्या इतरांनाही तिचा उपयोग व्हावा.

गरुड आणि नाग एकत्रच घेतो. पुराणात जन्माचे वैरी, पण खताच्या बाबतीत सख्खे भाऊ. पक्षी आणि बहुतेक सरपटणारे प्राणी शरीरातलं नकोसं नत्र (नायट्रोजन) युरिक आम्लाच्या रूपात टाकतात, पांढऱ्या लगद्यासारखं. म्हणजे दोन शत्रूंचं खत शेतकऱ्याला ओळखू येणार नाही इतकं सारखं. कथेला यातून केवढं तरी मिळतं! ताकदीला हे खत सगळ्यांच्या वर. समुद्रपक्ष्यांच्या चांगल्या ग्वानोत, म्हणजे साचलेल्या विष्ठेत, नत्र १० टक्क्यांच्या पुढेही जातं. शेणखतात ते जेमतेम अर्धा टक्का असतं. पण ताकद म्हणजे दाहकताही आली. मी एकदा बाल्कनीतल्या मिरचीला न कुजवलेलं कोंबडीखत मूठभर घातलं होतं. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, आणि रोप गेलं ते गेलंच. गरुडाचं खत वापरणाऱ्या गावात ते किती आणि कधी घालायचं हे जाणणारं कुणीतरी असायलाच हवं.

खरी अडचण पावसाची आहे. पेरू देशाच्या चिंचा नावाच्या बेटांवर ग्वानोचे कित्येक मीटर उंच थर साचले, कारण तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. इंका राज्यात विणीच्या हंगामात अशा बेटांवर जाणाऱ्याला देहदंड असल्याची जुनी नोंद आहे. १८५६ साली अमेरिकेने कायदाच केला, की कुणाच्या ताब्यात नसलेलं ग्वानोचं बेट आपल्या नागरिकाला सापडलं तर त्यावर अमेरिकेला हक्क सांगता येईल. १८६४ मध्ये स्पेनने चिंचा बेटं बळकावली आणि त्यातून युद्ध पेटलं. विष्ठेसाठी युद्ध! एवढं तयार कथानक दुसऱ्या कुठल्या खतात नाही. उलट आपल्या ठाणे खाडीकडे बघा. दर हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात, उन्हाळ्यापर्यंत चिखलात चरतात, पण थर काही साचत नाही. दिवसातून दोनदा भरती येते, आणि वर चार महिन्यांचा आपला पावसाळा. भाचीच्या राज्यात गरुड ठेवायचा तर त्याची बेटं दूर, कोरड्या मुलखातच हवीत, आणि खत जहाजाने आणावं लागेल.

कामधेनूचं शेण अशक्त वाटेल, पण ते जमीन भुसभुशीत करतं, ओल धरतं, मातीतल्या जीवाणूंना खाऊ घालतं. ताजं मात्र चालत नाही. खड्ड्यात काही महिने कुजू द्यावं लागतं, नाहीतर मुळं खाणारी हुमणी अळी आलीच म्हणून समजा. हिशेबही पाहा. साधी गाय दिवसाला साधारण १० किलो शेण देते. भाताला एकरी चारेक टन शेणखत लागतं, आणि कुजताना शेणाचं वजन घटतं, म्हणजे एका गाईत एक एकरसुद्धा भागत नाही. कामधेनू मागाल ते देते, हे खरं. पण शेणही अमर्याद दिलंत तर राज्यातल्या कुणालाच कशासाठी झगडावं लागणार नाही. मी तिच्यावर मर्यादा घालीन.

मकराचं, म्हणजे मासळीसारखं खत फक्त कल्पवृक्षासाठी घ्या. कोकणात नारळालाच कल्पवृक्ष म्हणतात. त्याच्या बुंध्याशी सुकी मासळी आणि मीठ घालायची जुनी रीत आहे, आणि नारळाला क्लोराइड लागतंही. भाताचं गणित उलटं. खारं पाणी आत येऊ नये म्हणून खाडीकाठच्या शेतांना बांध घालतात. तिथे खारट खत कोण नेईल?

अग्निपक्ष्याकडे मात्र माझा ओढा आहे. त्याचं खत म्हणजे तो जळल्यावर उरणारी राख. राखेत नत्र उरत नाही, ते जळताना उडून जातं. मागे राहतात पालाश (पोटॅश) आणि चुना. आपल्या आंबट मातीला दोन्ही मानवतात. शहापूर-मुरबाडकडे भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात: शेण, टहाळ्या, पालापाचोळा यांचे थर जमिनीवर रचायचे, उन्हाळ्यात पेटवायचे आणि पाऊस आला की तिथेच बी पेरायचं. आता हेच चित्र जरा मोठं करा. अग्निपक्षी शंभर वर्षांतून एकदा जळतो, आणि जळायला तो कामधेनूच्या शेणाने रचलेला राबच निवडतो. त्या वर्षी तो कुणाच्या शेतात उतरेल, यावर साऱ्या खोऱ्याचं लक्ष.

राक्षसाची हाडं संथ. त्यांच्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, आंबट जमिनीत ती हळूहळू विरघळतात, पण भाताच्या एका हंगामात फार काही मिळत नाही. घाई असेल तर आम्ल हवं. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी हाडांसारख्या स्फुरदयुक्त पदार्थांवर गंधकाम्ल घालून खत करण्याचं पेटंट घेतलं होतं. राज्यात आम्ल फुत्कारणारा एखादा प्राणी असेल तरच हाडं निवडा.

भाचीला मी राब सुचवला: कामधेनू आणि अग्निपक्षी मिळून. तिने तो घेतला, पण गरुडाची बेटंही सोडली नाहीत. ती तिने शत्रूच्या कोरड्या किनाऱ्यावर ठेवली आहेत. अग्निपक्षी यंदा उतरलाच नाही, तर राजाला जहाजं तिकडे पाठवावी लागतील.