स्टिकरवर ६२ सीसी, आत ५१, आणि ब्रेक नुसता दाखवायला

वादळानंतर चेनसॉ शोधणारा माणूस घाईत असतो आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. वाटेवर झाड आडवं पडलेलं, छपरावर फांदी टेकलेली, आणि ज्यांच्याकडे करवत आहे ते सगळे दुसऱ्यांची झाडं कापण्यात गुंतलेले. नेमक्या त्याच दिवसांत मोबाइलवर जाहिराती सुरू होतात. मला आलेली जाहिरात अशी होती : ६२ सीसी, २२ इंची बार (चेन जिच्या कडेनं फिरते ती लांब पट्टी), ४२०० वॉट, व्यावसायिक दर्जा, वादळग्रस्तांसाठी खास सवलत. सोबत एका नामांकित कंपनीच्या करवतीसारखा दिसणारा झकास फोटो, आणि खाली 'सवलत संपायला इतकी मिनिटं उरली' म्हणून उलटं मोजणारं घड्याळ. पान पुन्हा उघडलं की ते घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, हे नंतर लक्षात आलं.

करवत आली, हे आधी सांगते, कारण पैसे घेऊन काहीच न पाठवणारे भामटे वेगळे. हे जास्त मुरलेले असतात. खोक्यातून खरंच एक यंत्र निघतं, दोरी ओढली की सुरू होतं, आवाजही दणदणीत करतं. पहिली बारीक फांदी कापली जाते आणि आपण खूश होतो. संशय यायला जाड ओंडका लागतो.

ओंडक्यात चेन शिरली की इंजिन गुदमरायचं. काप सरळ जायच्या ऐवजी एका बाजूला वळायचा. लाकडाचे कपटे उडायचे सोडून बारीक पीठ पडायला लागलं, म्हणजे चेनची धार गेली. नव्याकोऱ्या चेनची धार एवढ्यात जाते कशी? शिवाय रेस पूर्ण सोडली तरी चेन हळूहळू फिरतच राहायची. या शेवटच्या गोष्टीमुळे मी काम थांबवलं आणि यंत्र करवती दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिककडे नेलं.

त्यांनी आधी पाटी वाचली आणि हसले. पाटीवर 'सीई' ही अक्षरं होती, पण बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कुठल्या साली बनली तेही नाही. युरोपच्या ज्या नियमांची ती खूण आहे, त्याच नियमांनुसार यंत्रावर उत्पादकाचं नाव, पत्ता आणि निर्मितीचं वर्ष असावंच लागतं. नुसती दोन अक्षरं कुणीही छापू शकतो.

मग त्यांनी सिलिंडर काढून व्हर्निअर लावला. आतला व्यास ४.५ सेंटिमीटर, पिस्टनची धाव ३.२ सेंटिमीटर. हिशेब शाळेतलाच आहे : व्यासाचा वर्ग, गुणिले ०.७८५, गुणिले धाव. उत्तर आलं सुमारे ५१. स्टिकरवर ६२. मधले ११ सीसी फक्त छापखान्यात तयार झाले होते. ५० सीसीच्या चांगल्या इंजिनाची ताकद अडीच ते तीन किलोवॉटच्या आसपास असते. ४२०० वॉट हा आकडा ७० सीसीच्या, जंगलात रोज लाकूड तोडणाऱ्यांच्या करवतीला शोभणारा.

मी विक्रेत्याला हे लिहून विचारलं. उत्तर वाचून हात जोडावेसे वाटले : '६२ हा मॉडेलचा क्रमांक आहे, क्षमतेचा नाही.' जाहिरातीत 'सीसी' स्पष्ट लिहिलं होतं, त्याबद्दल अवाक्षर नाही. हीच युक्ती बॅटरीवरच्या छोट्या करवतींत राजरोस चालते. बॅटरीवर मोठ्या अक्षरांत '२८८' किंवा '३८८' छापलेलं असतं, पुढे 'व्हीएफ' अशी दोन अक्षरं. वाचणाऱ्याला वाटतं व्होल्ट. आत बघावं तर लिथियमचे पाच सेल, पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येकी ४.२ व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून २१. त्या करवतीनं मनगटाएवढी फांदी कापता येईल, वादळात पडलेलं झाड नाही.

बारचंही तसंच. बारची लांबी मोजायची ती इंजिनाच्या पुढच्या कडेपासून टोकापर्यंत, कारण तेवढाच भाग लाकडात जातो. माझा '२२ इंची' बार असा मोजल्यावर १८ इंचांच्या आसपास भरला. विक्रेत्यानं झाकणाखाली दडलेला, नटबोल्टांचा भागही धरला होता. खरं तर ५१ सीसीच्या इंजिनाला १८ इंच बरोबर आहे, २२ इंच त्याला झेपलाच नसता. म्हणजे लांबीत खोटं बोलून त्यानं मला नकळत उपकृतच केलं म्हणायचं.

काप वळत होता त्याचं कारण चेन आणि बार एकमेकांचे नव्हते. बारची खाच १.६ मिलिमीटरची, आणि चेनच्या ज्या कड्या त्या खाचेत बसतात त्यांची जाडी १.५. दशांश मिलिमीटरचा फरक, पण चेन खाचेत कलते आणि करवत वाकडी जाते. नावाच्या कंपन्या चेनच्या या कड्यांवर आपली खूण आणि मापाचा आकडा ठोकतात. माझ्या चेनच्या कड्या कोऱ्या होत्या. कानस लावून बघितली तर दात मऊ, पोलाद कसलं ते देव जाणे.

इथपर्यंत मी चिडले होते, पण घाबरले नव्हते.

मेकॅनिकनी सगळं परत बसवलं, करवत जमिनीवर पक्की टेकवली, रेस दिली आणि डाव्या मनगटानं पुढच्या मुठीसमोरचा गार्ड, म्हणजे ब्रेकचं हँडल, ढकलला. चेन थांबायला हवी होती, लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत. चेन फिरतच राहिली. त्यांनी यंत्र बंद केलं, क्लचचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. "ताई, हा ब्रेक नाही, नुसतं हँडल आहे." खऱ्या करवतीत गार्ड पुढे गेला की क्लचच्या ड्रमभोवतीचा पोलादी पट्टा स्प्रिंगच्या जोरानं आवळला जातो. माझ्यात पट्टा होता, पण इतका सैल की ड्रमला पुरता टेकतही नव्हता. गार्ड ढकलला की 'खट्' आवाज मात्र व्यवस्थित यायचा. हा आवाज मी स्वतः ऐकला होता आणि ब्रेक चालतो असं मानलं होतं. दुसरं कुणी काय मानलं असतं?

हा ब्रेक कशासाठी असतो ते ज्यांनी चेनसॉ कधी धरली नाही त्यांच्यासाठी लिहिते. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की दात अडकतो, आणि चेनची सगळी ताकद उलटून बारला वर आणि मागे, म्हणजे धरणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे फेकते. याला किकबॅक म्हणतात. तो माणसाच्या प्रतिक्रियेपेक्षा वेगवान असतो, त्यामुळे 'मी सावध राहीन' याला काही अर्थ नाही. उसळी आली की गार्ड मनगटावर आपटतो आणि ब्रेक लागतो. आताच्या करवतींत तो नुसत्या झटक्यानंही लागतो. वादळातल्या फांद्यांच्या जंजाळात टोक कशाला लागतंय ते दिसतही नाही, म्हणून सरपण फोडण्यापेक्षा तिथे हा धोका कितीतरी जास्त. अशा कामासाठी म्हणून जाहिरात करून बिनब्रेकची करवत विकणाऱ्याला मी फसवणारा म्हणते ते सौजन्यानं.

तेव्हा घेताना सीसीच्या आकड्याकडे नंतर बघा. दुकानात उभं राहून सीसी मोजता येत नाही, म्हणून तर तोच आकडा फुगवतात. जे डोळ्यांना दिसतं आणि हाताला लागतं ते आधी बघा. मागच्या मुठीच्या वर एक पट्टी असते, ती तळव्यानं दाबल्याशिवाय रेसचा खटका दाबला जाता कामा नये. बारच्या बुडाशी खालच्या बाजूला चेन तुटली तर तिला अडवणारा छोटा हूक असतो, तो आहे का? मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा रबर आहे का? नसेल तर थोड्याच वेळात बोटं मुंग्या येऊन बधिर होतात. मग विक्रेत्यालाच सुरू करून दाखवायला सांगा. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबली पाहिजे. अर्ध्या रेसवर गार्ड ढकलल्यावर तत्काळ थांबली पाहिजे. बारचं टोक एखाद्या कोरड्या, फिक्या लाकडासमोर न टेकवता धरून रेस दिली की त्यावर तेलाची रेघ उमटायला हवी, नाहीतर तेलाचा पंप काम करत नाही आणि बार जळणार. जो हे दाखवायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. ऑनलाइन घेतलीत तर तक्रारीच्या मुदतीच्या आत हीच तपासणी माहितगाराकडून करून घ्या.

आकाराबद्दल माझं मत सरळ आहे : बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा लहान करवत पुरते. सरपण आणि पडझड दोन्हींसाठी ४० ते ५० सीसी आणि १६ इंची बार पुष्कळ झाला. नुसत्या फांद्या असतील तर ३५ सीसीसुद्धा चालते, आणि दिवसभर हातात धरायचं वजन कमी होतं. २० इंची बार हवा असेल तर ६० सीसीच्या आसपास जावं लागतं. ते यंत्र जड असतं आणि सवय नसलेल्याच्या हातात धोक्याचं. बॅटरीची चांगली करवत मला आवडते. सुरू करायला कटकट नाही, आवाज कमी. पण वादळानंतर वीजच नसते आणि बॅटरी संपली की काम थांबतं, हे धरून चाला. आणि पेट्रोलची करवत कुठलीही घेतलीत तरी पुस्तिकेत लिहिलेलं इंधनाचं प्रमाण पाळा. पन्नासास एक म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर टू-स्ट्रोक ऑइल. माझ्या खोक्यातल्या पुस्तिकेत एका पानावर पन्नासास एक होतं आणि दुसऱ्यावर पंचविसास एक.

आता पैशांचं. विक्रेत्यानं आधी थोडी रक्कम परत देऊ केली, 'यंत्र तुमच्याकडेच ठेवा' म्हणून. मी नाही म्हटल्यावर थोडी वाढवली. मग 'माल स्वखर्चानं परत पाठवा' म्हणून परदेशातला पत्ता दिला, जिथे पाठवायचा खर्च करवतीच्या किमतीशी स्पर्धा करणारा. प्रत्येक उत्तराला तो बरेच दिवस लावायचा. हा आळस नव्हता. कार्डाचा व्यवहार असो की विक्रीचं संकेतस्थळ, तक्रारीला मुदत असते आणि ती संपेपर्यंत तुम्हाला बोलण्यात गुंतवून ठेवायचं असतं. शिवाय थोडी रक्कम स्वीकारली की 'वाद मिटला' असं दाखवता येतं. म्हणून त्याच्याशी पत्रव्यवहार चालू असतानाच बँकेकडे तक्रार टाका, कारण म्हणून 'वर्णनाशी न जुळणारा माल' लिहा, आणि 'यंत्र वाईट आहे' असं मोघम न लिहिता मोजमाप द्या. माझ्या तक्रारीत जाहिरातीच्या पानाचं पूर्ण चित्र, व्हर्निअरचा फोटो, बारशेजारी टेप धरलेला फोटो, गार्ड ढकलूनही फिरणाऱ्या चेनचा व्हिडिओ आणि मेकॅनिकनी सहीनिशी दिलेला लेखी अभिप्राय होता. करवत घेतानाच जाहिरातीचं पान साठवून ठेवलं होतं हे फार कामी आलं, कारण तक्रार गेल्यावर त्या पानावरचा 'सीसी' हा शब्द गायब झाला. पैसे परत मिळाले, पण वेळ लागला.

ती करवत मी कुणाला विकली नाही आणि फुकटही दिली नाही. जुन्या बाजारात अशी यंत्रं 'एकदाच वापरली' म्हणून फिरत असतात, त्यांपासूनही जपा.

आमचं झाड शेवटी भाड्यानं आणलेल्या करवतीनं कापलं. एका वादळापुरतं काम असेल तर भाड्याचा विचार आधी करा. सुटे ओंडके आणि फांद्या आम्ही घरच्यांनी कापल्या. दाबाखाली वाकलेली फांदी आधी दबलेल्या बाजूनं थोडी आणि मग ताणलेल्या बाजूनं, नाहीतर फांदी चिरते किंवा चेन चिमटीत अडकते. मुळांसकट उपटून कललेलं जे एक झाड होतं त्याला मात्र हात लावला नाही. बुंधा कापला की वरचं वजन जातं आणि मातीसकट उभं राहिलेलं मुळांचं कडं झटक्यात मागे, खड्ड्यात बसतं. मध्ये कुणी असेल तर संपलंच. त्याच्या शेंड्यावर विजेची तारही पडली होती. वीज मंडळाच्या माणसांनी ती आधी काढली आणि मग रोज हेच काम करणाऱ्यांनी ते झाड उतरवलं.