आगंतुक एक्स्टेन्शन: हातानं काढायचं, रीसेट करायचं की थेट फॉरमॅट?

जुलैत पीक विम्याची गर्दी सुरू झाली की सेवा केंद्रवाल्यांची एक तक्रार हमखास येते. क्रोम उघडलं की गूगलऐवजी भलतंच सर्च पेज येतं आणि अर्ज भरताना मध्येच जाहिरातींचे टॅब उघडतात. कुणीतरी प्रिंटरचा ड्रायव्हर नाहीतर पीडीएफ जोडायचं फुकट सॉफ्टवेअर कुठल्यातरी साइटवरून उतरवलेलं असतं. 'नेक्स्ट, नेक्स्ट' करताना एक टिक तशीच राहते आणि त्याच्या आडून एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला चिकटणारं छोटं जोड-सॉफ्टवेअर, आत शिरतं. परभणी असो की उदगीर, दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं: "फॉरमॅट मारावं लागंल." बहुतेक वेळा लागत नाही. काढलेलं एक्स्टेन्शन परत येतंय का, एवढं बघा आणि मग उपाय निवडा.

हातानं काढणं सगळ्यात स्वस्त, पण लोक क्रम उलटा लावतात. आधी एक्स्टेन्शन उडवतात. ते आणणारं सॉफ्टवेअर तसंच राहतं आणि संगणक पुन्हा चालू केला की येरे माझ्या मागल्या. म्हणून आधी कंट्रोल पॅनेलमधली सॉफ्टवेअरची यादी तारखेनं लावा. त्रास सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास आलेलं, ओळखीचं नसलेलं जे दिसेल ते काढा, मग एक्स्टेन्शनकडे वळा. एक जागा सगळेच विसरतात, ती म्हणजे डेस्कटॉपवरचा क्रोमचा शॉर्टकट. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधला 'टार्गेट'चा रकाना बघा. क्रोम डॉट ईएक्सई आणि अवतरण चिन्ह संपल्यावर पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल, तर एक्स्टेन्शन काढूनही तेच पान उघडत राहणार. तेवढा पत्ता खोडा, ओके करा.

रीसेट म्हणजे ब्राउझरची सेटिंग्ज मूळ स्थितीत आणणं. त्यात कष्ट कमी, पण क्रोम आणि फायरफॉक्स इथं सारखे वागत नाहीत. क्रोमचं रीसेट एक्स्टेन्शन नुसतं बंद करतं, काढत नाही. ते नंतर तुम्हालाच काढावं लागतं. बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड राहतात, कुकीज, म्हणजे साइटवरचं तुमचं लॉगिन लक्षात ठेवणारी माहिती, मात्र जातात. म्हणजे प्रत्येक पोर्टलवर पुन्हा लॉगिन आणि पुन्हा ओटीपी. रांग दारापर्यंत असताना हे करू नका. फायरफॉक्सचं 'रिफ्रेश' एक्स्टेन्शन काढूनच टाकतं, पासवर्ड आणि कुकीज ठेवतं, शिवाय जुना डेटा डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये बाजूला काढून देतं. या बाबतीत फायरफॉक्स उजवा. मार्च 2020 मधल्या 74 व्या आवृत्तीपासून तर बाहेरच्या सॉफ्टवेअरनं परस्पर फाइल ठेवून एक्स्टेन्शन घुसवायची वाटही त्यानं बंद केली.

क्रोममध्ये एक्स्टेन्शनसमोर 'रिमूव्ह'चं बटणच नसेल आणि मेन्यूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं दिसत असेल, तर बाहेरच्या सॉफ्टवेअरनं विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्ज साठवायच्या जागेत, क्रोमसाठी पॉलिसी म्हणजे सक्तीचा नियम लिहून ठेवलेला असू शकतो. ही पॉलिसी रीसेटनं जात नाही. मात्र बँकेच्या किंवा कॉलेजच्या मशीनवर हीच ओळ रीतसर असते. तिथं हात लावू नका, त्यांच्या आयटीवाल्याला सांगा. काही अँटिव्हायरसमुळेही ती दिसते.

घरच्या किंवा दुकानातल्या मशीनवर अशा वेळी मी ॲडडब्ल्यूक्लीनर चालवतो. मालवेअरबाइट्सचं हे साधन फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि काय सापडलं त्याची यादी आधी दाखवतं. यादी न वाचता सगळ्यावर टिक करू नका. उतरवायचं ते फक्त मालवेअरबाइट्सच्या साइटवरून. 'व्हायरस क्लीनर' असं शोधल्यावर वर येणाऱ्या जाहिरातींतूनच अर्ध्या भानगडी येतात. जुन्या यूट्यूब व्हिडिओंत क्रोमच्या आतलंच 'क्लीन अप कॉम्प्युटर' दाखवतात, ते शोधत बसू नका. गूगलनं ते 2023 मध्ये काढून टाकलं.

आता फॉरमॅट. त्यानं घाण जाते, वाद नाही. पण थम्ब मशीनची आरडी सर्व्हिस (आधारसाठी ठसा घेताना लागणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, मराठी टायपिंगचं श्रीलिपी, प्रिंटर हे सगळं पुन्हा बसवायचं, म्हणजे केंद्राचा आख्खा दिवस गेला. आणि दुकानदारानं पेनड्राइव्हवरचं क्रॅक विंडोज आणि फुकट सॉफ्टवेअरचा तोच गठ्ठा परत घातला, तर पैसे देऊन पुन्हा तिथंच. सफाई करूनही पासवर्ड चोरीला गेल्याची शंका उरली, तर मात्र फॉरमॅटच करा, आणि पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून बदला.

नुसता ब्राउझर बदलणं हा उपाय नाही. आणणारं सॉफ्टवेअर नव्या ब्राउझरलाही गाठू शकतं.

लातूरला क्लाससाठी राहणाऱ्या पोराचा लॅपटॉप असेल तर सॉफ्टवेअर काढून सरळ रीसेट करा, त्याचं अडण्यासारखं काही नाही. पण घरच्या संगणकावर त्याचंच गूगल खातं आणि सिंक (दोन्हीकडचं क्रोम सारखं ठेवणारी सोय) चालू असेल, तर तिथलं एक्स्टेन्शन इकडे येऊ शकतं. दोन्हीकडे एकदमच सफाई करा. सेवा केंद्रानं हातानं काढावं आणि संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर ॲडडब्ल्यूक्लीनर चालवावं. दोघांनीही विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'मध्ये जाऊन 'पोटेन्शिअली अनवाँटेड ॲप ब्लॉकिंग' चालू आहे का बघावं. त्याखाली ॲप्स आणि डाउनलोड्स असे दोन चौकोन आहेत, दोन्हींवर टिक हवी.