एव्हरेस्ट: नेपाळकडून की तिबेटकडून?

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आमच्या ट्रेकर मंडळींत वाद रंगतो तो बर्फाचा. १९५३ मध्ये हिलरी-तेनसिंग नेपाळकडून चढले, म्हणून तीच वाट बरी असं बहुतेकजण धरून चालतात. पण तिथे खुंबूचा हिमप्रपात ओलांडावाच लागतो. सरकत्या हिमनदीतले इमारतीएवढे सुळके कधी कोसळतील याचा नेम नाही; १८ एप्रिल २०१४ रोजी तिथल्या हिमस्खलनात १६ नेपाळी कामगार गेले.

माझं मत तिबेटला. बेसकॅम्पपर्यंत चक्क गाडी जाते! वारा, थंडी मात्र जास्त. वर 'सेकंड स्टेप'चा कडा आहे, पण १९७५ पासून तिथे शिडी आहे. ब्रिटिश गिर्यारोहक मॅलरी-अर्विन १९२४ मध्ये याच बाजूला हरवले. आणि आजारी पडलात, तर हेलिकॉप्टरचा भरवसा इथे धरू नका.